सांगता येत नाही

"घाल ना," मनू म्हणाली आणि तिनं माझ्याकडं पाठ केली.

मी वाटाणे सोलत बसले होते. शेंग परातीत टाकली आणि तिच्या पाठीत हलकाच एक धपाटा घातला. तेवढ्यानं भागलं नाही, आणखी जोरात हवा होता. मग आणखी एक घातला. तेव्हा कुठं बाईसाहेब खुदकन हसल्या, काखेतली बाहुली सरळ केली, तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या, "कुर्र" केलं आणि पुन्हा पाठ माझ्यापुढं हजर. बाकीची पोरं वरणभात खाऊन आडवी झालेली असायची, पण ही बया डोळा मिटेल तर शपथ. दुपारभर आमचा हाच उद्योग चालायचा.

बाहुली म्हणजे तिच्या आईचा पांढरा मोजा होता. त्यात कापूस कोंबलेला, वर दोन बटणांचे डोळे शिवलेले. एक डोळा काळा, एक निळा. तिचं नाव काय, असं मी एकदा विचारलं, तर मनू मोठ्या ऐटीत म्हणाली, "अक्कनंदा."

मला वाटलं, असेल कुणी अक्का, असेल कुणी नंदा. पोरं कशाची मोट कशाला बांधतील त्याचा नेम नसतो. मी ते तिथंच सोडून दिलं.

मी तेव्हा मिरजेत पाळणाघर चालवत होते. गिरणीच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढं ओसरी, ओसरीपुढं फाटक. आई लवकर गेली, धाकट्या भावानं पुण्यात संसार थाटला आणि मी आप्पांचं करता करता लग्नाचं वय मागं टाकून पुढं आले. मग आप्पाही गेले. ते गेल्यावर घरात एवढी शांतता झाली की कुकरची शिट्टी झाली तरी मला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. गावात दवाखाने भरपूर, नर्सा भरपूर, आणि त्यांच्या पोरांना दिवसभर ठेवायला जागा नाही. एकीनं ठेवलं, मग दुसरीनं ठेवलं, असं करत पाळणाघर उभं राहिलं. दिवसा घर भरलेलं असायचं. संध्याकाळी शेवटचं मूल आईच्या कडेवर चढून गेलं की पायरीवरच्या चपलांमध्ये माझी तेवढी उरायची. त्या वेळेचा मला फार राग यायचा. कुणावर काढणार? मग मी भांडी जरा जास्तच आपटून घासायची.

पुढं रीतसर परवाना काढला. त्यासाठी तपासणीला कागवाडे मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. किडकिडीत, सुती साडी, हसणं असं नाहीच. त्यांनी मोरी पाहिली, पाण्याचं पिंप पाहिलं, औषधाचं कपाट किती उंचावर आहे ते पाहिलं. मग समोर बसल्या आणि मला शिकवणी दिल्यासारखं बोलायला लागल्या. मुलाबद्दल आईबापांनी जे सांगितलं असेल ते बाहेर जाता कामा नये. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर मात्र गप्प बसायचं नाही, आम्हाला कळवायचं. कुणी चौकशीला आलं तर ते मुलाच्या आईला त्याच दिवशी सांगायचं. आणि चौकशी करणाऱ्याला, अमुक मूल माझ्याकडं आहे, एवढंसुद्धा सांगायचं नाही.

मी म्हटलं, मग नाही म्हणून सांगायचं का?

"नाही असंही म्हणायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आज एकाला नाही म्हणालात आणि उद्या दुसऱ्याला गप्प बसलात, की दुसरा काय ते ओळखतो. सगळ्यांना एकच उत्तर. सांगता येत नाही. मूल असलं तरी तेच, नसलं तरी तेच. ते तुमच्याकडून गेलं, मोठं झालं, म्हातारं झालं, तरी तेच."

मला ते पटलं. मी स्वभावानं तशी हट्टी. एकदा पटलं की पटलं. पण त्या तीन शब्दांनी माझी गल्ली माझ्यापासून तुटली. समोरच्या गिरणीवाल्या मगदूम वहिनी पहिल्यांदा गोड बोलून विचारून गेल्या की त्या उंच नर्सबाईचा नवरा हल्ली दिसत नाही ते काय प्रकरण आहे. मी म्हटलं, सांगता येत नाही. मग कुणी तिसरीनं विचारलं, तिलाही तेच. हळूहळू माझं नावच पडलं, सांगता-येत-नाही बाई. आधी चेष्टा होती, मग बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या विसरायला लागल्या. जी बाई एक बातमी देत नाही तिला चहा पाजून करायचं काय? मी वरवर म्हणायची, बरं झालं, दगदग वाचली. खोटं होतं ते. ओसरीवर बसलं की समोरच्या माजघरातलं हसणं ऐकू यायचं आणि मी उठून आत जायची.

मनूची आई अंजना, नर्सच होती, नव्यानं गावात आलेली. पहिल्या दिवशी तिनं मुलीला ओसरीवर उभं केलं आणि मी नाव विचारलं तेव्हा क्षणभर थांबून म्हणाली, "मनू." आपल्या मुलीचं नाव सांगायला थांबावं लागणारी आई मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडून वेडीवाकडी जुळलेली होती. मी बघतेय हे तिनं पाहिलं आणि लपवलं नाही. "नवऱ्यानं," एवढंच म्हणाली. तो शोधत येईल, माझ्याशिवाय कुणाच्याही हाती मुलीला देऊ नका, म्हणाली. आणि मनूचं म्हणाल तर, दूधवाला जरा मोठ्यानं ओरडला की ही पोरगी बाहुलीसकट पलंगाखाली जाऊन बसायची. वाटी वाजवून, गूळशेंगदाणे दाखवून तिला बाहेर काढावं लागायचं. आणखी काही सांगायला नकोच होतं मला.

आता प्रभेचं सांगते. प्रभावती आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. ती लग्न होऊन हुबळीला गेली आणि मधली कित्येक वर्षं आम्ही एकमेकींना दिसलो नाही. मग तिच्या नवऱ्यानं सांगलीत बिऱ्हाड आणलं. ही बया मला शोधत शोधत फाटकाशी आली आणि रस्त्यावरूनच ओरडली, "शैले, मेले, अजून वेणी तशीच घालतेस होय गं?" मला शैले म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी पाळणाघर बंद असलं की प्रभा बसनं यायची. रिक्षा करायची नाही. रिक्षावाले लुटारू, असं तिचं ठाम मत. येताना भडंगाचा पुडा. मग चहा, मग पुन्हा चहा, आणि आमच्या गप्पा. ती मला पोरांबद्दल काही विचारायची नाही आणि मीही तिच्या घरातलं खोदून विचारायची नाही. सोमवारपासून मी पुढच्या रविवारकडं डोळे लावून बसायची. हे तिला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

अशाच एका रविवारी प्रभा आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. भडंगाला हात लावला नाही. थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि मग एकदम बोलायला लागली. तिचा धाकटा भाऊ दिगंबर, कवठ्याला खतांचं दुकान चालवतो. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. प्रभेनंच त्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, लहानाचा मोठा केला. त्याची बायको मुलीला घेऊन निघून गेली होती. कुठं, पत्ता नाही. दिगू वेड्यासारखा शोधतोय, म्हणाली. जरा तापट आहे, पण माझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणाली. हे म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"आणि पोरीनं लळा लावलाय गं," ती म्हणाली. "मला ना मूल ना बाळ. तिच्या बारशाला नाव मी ठेवलं. आत्याचा मान! कोण काय, कोण काय सुचवत होतं, मी कुणाचं ऐकलं नाही. तुला आठवतं, सबनीस बाईंनी विचारलं होतं, अलकनंदा आणि भागीरथी कुठं मिळतात?"

आठवत होतं तर. प्रभेनं ठोकून दिलं होतं, कोल्हापूरला. सगळा वर्ग हसला, सगळ्यात जास्त मी हसले, आणि बाईंनी आम्हा दोघींनाही वर्गाबाहेर काढलं. व्हरांड्यात उभं राहून आम्ही उरलेला तास हसण्यात घालवला होता.

"तेच नाव ठेवलं," प्रभा म्हणाली. "अलकनंदा. कानात कुर्र केलं आणि बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले म्हणतेस! पुढं ती बोलायला लागल्यावर तोच आमचा खेळ झाला. दिवाळीला हुबळीला आली होती, तर सारखी आपली माझ्या कानात कुर्र करायची आणि पाठ पुढं करून बसायची. तिला नाव कुठं नीट म्हणता यायचं? अक्कनंदा म्हणायची."

माझ्या हातातली बशी हिंदकळली. चहा साडीवर सांडला. ते निमित्त करून मी मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर ओसरीवर माझी एकुलती एक मैत्रीण रडत बसली होती, आणि जिच्यासाठी रडत होती ती उद्या सकाळी मोज्याची बाहुली घेऊन त्याच ओसरीवर येणार होती. एक शब्द बोलले असते तर प्रभेचे डोळे पुसले गेले असते. आणि तो शब्द तिच्यामागून कवठ्याला गेला असता.

मी परत येऊन बसले. प्रभेनं डोळे पुसले आणि म्हणाली, बायको नर्स आहे त्याची. म्हणजे कुठंतरी दवाखान्यातच असणार. मग तिला एकदम सुचलं.

"तुझ्याकडं तर सगळी नर्सांचीच पोरं येतात. शैले, तुझ्याकडं नाही ना गं ती?"

मी म्हणाले, "प्रभे, सांगता येत नाही."

ती हसली. गल्लीतल्या बायकांचा किस्सा तिला मीच सांगितला होता. "ते गिरणीवालीला," ती म्हणाली. "मला सांग."

"कुणालाच सांगता येत नाही."

"बरं, नाही म्हण. नसली तर नाही म्हणून टाक, मी विषय सोडते."

"नाही असंही म्हणता येत नाही. तसा नियम आहे."

तिचं हसू मावळत गेलं ते मला आजही दिसतं. मी तिला किती वेळा खोटं बोलताना पाहिलं होतं आणि तिनं मला. शाळेत एकमेकींसाठी आम्ही काय कमी थापा मारल्या होत्या? एक 'नाही' म्हणायला मला काय जड होतं, असंच तिला वाटत असणार. आणि खरं सांगायचं तर तो 'नाही' माझ्या जिभेच्या टोकाशी आला होता. पण कागवाडे मॅडम मनात अशा काही बसल्या होत्या की तोंड उघडेना. शेवटी प्रभा उठली, चपला घातल्या, पिशवी घेतली. फाटकाशी पोचल्यावर म्हणाली, बस चुकेल माझी. बसला अजून पुष्कळ अवकाश होता.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मी दोन कप काढून ठेवले होते, त्यातला एक तसाच परत कपाटात ठेवला.

त्यानंतर आली ती भलत्याच दिवशी, भर दुपारी. पोरं झोपली होती, त्या दिवशी मनूचासुद्धा डोळा लागला होता. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. गिरणीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं फाटकाशी प्रभा. चांगली साडी, केस चापूनचोपून बसवलेले, आणि चेहरा असा की जणू मला पहिल्यांदाच बघते आहे. मला मात्र ती आली याचाच आनंद. मी सूप ठेवून उठले.

"अहो शैलजाबाई," ती मोठ्यानं म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. मी हसलेसुद्धा. पण ती फाटकाच्या बाहेरच उभी राहिली, कडीला हात न लावता, आणि आणखी आवाज चढवून म्हणाली, "अहो बाई, माझ्या भावाची मुलगी ठेवलीय का तुमच्याकडं?"

अहो. बाई. तुमच्याकडं. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. तोंडातून निघालं ते सवयीनंच निघालं, "सांगता येत नाही."

आणि नेमकी तेव्हाच मनू झोपेतून उठून बाहेर आली. केस विस्कटलेले, काखेत बाहुली. पाणी दे, म्हणाली. प्रभेनं तिला पाहिलं. प्रभेचा हात फाटकाच्या गजावर गेला आणि तिनं तो गज असा आवळला की बोटं पांढरी झाली. मनूनंही तिला पाहिलं. टक लावून पाहिलं, आणि मग माझ्या साडीच्या निऱ्यांमागं लपली.

मी तिला उचललं, आत नेलं, दाराला कडी घातली. बाहेर प्रभेचा आवाज फुटला. असा की समोरची गिरणी थांबली. भिंतीतून मला तुटक तुटकच ऐकू येत होतं. माज, दोन खोल्या, परवाना मिरवते, असलं काहीबाही. आणि शेवटी अगदी स्पष्ट, "पुन्हा या बाईच्या दारात पाऊल ठेवणार नाही." मनू केव्हाच पलंगाखाली गेली होती. मीही खाली जमिनीवर बसले आणि पलंगाखाली हात घालून तिचा पाय धरून ठेवला. कोपऱ्यावरची रिक्षा सुरू झाली आणि गेली.

संध्याकाळी अंजना आली तेव्हा मी तिला सांगितलं. सांगायचंच होतं, नियम होता तसा. चौकशीला कोण आलं, काय म्हणालं, मूल दिसलं, सगळं. ती ओसरीच्या खांबाला धरून ऐकत राहिली. रडली नाही, मला बोल लावला नाही. त्या आठवड्यातच तिनं नोकरी सोडली. मनूला घेऊन निरोप घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, कुठं जाणार?

"मावशी, तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला ते ओझं," ती म्हणाली. "मुळात माहीतच नको."

मनूनं जाताना बाहुलीचा मोजा माझ्या गालाला टेकवला. पापा, म्हणाली. झालं. गल्लीच्या टोकाला तिच्या फ्रॉकची लाल पट्टी दिसेनाशी झाली आणि मी आत येऊन तांदूळ धुतले. एका माणसाचे.

एवढं झाल्यावर दिगंबर कधीतरी दारात उभा राहील म्हणून मी कित्येक दिवस फाटकाला कुलूप लावून बसायची. तो आला नाही. कुणीच आलं नाही. प्रभाही आली नाही. ती मला तोडून गेली होती, आणि मी जे केलं ते पुन्हा करायची वेळ आली असती तरी तसंच केलं असतं, त्यामुळं माफी मागायलासुद्धा जागा नव्हती. रागानं मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणायची. भावापुढं मैत्रीण कोण, हो ना? शैले म्हणणारं तोंड एका दुपारीत अहोजाहो करतं? रविवार आला की मी मुद्दाम कपडे धुवायला काढायची, गाद्या उन्हात टाकायची, जाळीजळमटं काढायची. तरी दुपार उरायचीच. भडंग विकत आणून खाल्लं एकदा. कोरडं लागलं.

वर्षं गेली. पाळणाघरात आधी सांभाळलेल्या पोरांची पोरं यायला लागली. मग गुडघे बोलायला लागले आणि मी परवाना परत केला. मगदूम वहिनी गेल्या, गिरणी बंद पडली. माझ्या घरात आता दिवसाही कुकरची शिट्टीच तेवढी बोलायची.

आणि एका रविवारी फाटक वाजलं.

मी बाहेर आले. पांढऱ्या केसांची एक म्हातारी फाटकाबाहेर उभी होती, हातात कागदी पुडा. पायांवरून ओळखलं मी तिला, उजवा पाय जरा बाहेर टाकून उभं राहायची खोड शाळेपासूनची.

"शैले," ती म्हणाली, "आता आत येऊ का गं?"

मी कडी काढली. ती ओसरीवर तिच्या नेहमीच्या जागी बसली, खांबाला टेकून. मी चहा टाकला. अर्धी साखर ओट्यावरच पडली. चहा पुढं ठेवला तेव्हा ती म्हणाली की दिगू गेला. दारूनं आतून पोखरला होता. कालच तेरावा झाला.

वाईट झालं, मी म्हणाले. कोरडंच म्हणाले.

"त्या दिवशी तो रिक्षात बसला होता," प्रभा म्हणाली. "त्या तिथं, गिरणीपाशी."

मी कप खाली ठेवला.

मग तिनं सगळं सांगितलं. सावकाश, थांबत थांबत. दिगूला कुणीतरी सांगितलं होतं की त्याची बायको मिरजेत आहे. प्रभेची मैत्रीण पाळणाघर चालवते हे त्याला तिच्या नवऱ्याकडून कळलं. तू जाऊन विचार, नाहीतर मी जातो आणि घर उलथंपालथं करतो, म्हणाला. तिनं त्याला सांगितलं, मैत्रीण कसली, शाळेत एका वर्गात होतो एवढंच, मला काय सांगणार ती. तरी त्यानं तिला रिक्षात घातलंच. ती म्हणाली, शैले म्हणून हाक मारली असती तर त्याला कळलं असतं की ही माझी कोण आहे, आणि मग त्यानं तुला सुखानं बसू दिलं नसतं. म्हणून अहो. म्हणून बाई. तू पोरीला आत नेल्यावर मी त्याला ऐकू जावं म्हणून बोंबलत होते, म्हणाली. रिक्षात बसल्यावर त्याला सांगितलं, सगळे मुलगेच आहेत तिच्याकडं, डोळ्यांनी बघून आले.

"पण नंतर का नाही आलीस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "इतकी वर्षं, प्रभे?"

"दुकान बुडालं त्याचं. माझ्याच घरी येऊन राहिला. मी पिशवी उचलली की विचारायचा, कुठं? रविवारी तर दारातच बसलेला असायचा. जिच्याशी भांडले तिच्याकडं मी कशाला जाईन? एकदा आले असते तर त्यानं काय ते ओळखलं असतं."

"निरोप तरी पाठवायचास."

"काय पाठवणार? तूच सांग." ती थोडी हसली. "मलाही सांगता येत नव्हतं."

मला रडू फुटलं. माझं रडणं होईपर्यंत ती नुसती पदराचं टोक पिळत राहिली. मी तिला विचारलं, तुझा भाऊ तो, तू वाढवलेला. मग कसं केलंस हे? ती म्हणाली, मी वाढवलेला म्हणूनच. त्याचा हात मला माहीत नव्हता होय? आणि त्या रविवारी तू मलासुद्धा सांगेनास. मला! तेव्हाच समजले की तसंच काहीतरी असणार. तू उगाच गप्प बसणारी नव्हेस.

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. प्रभेनं भडंगाचा पुडा उघडला, पण खाल्लं कुणीच नाही.

"ती कुठं असते आता?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं. माझं मला माहीत नाही, एवढं तर सांगता येतं. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "त्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही गं. लपली. तेवढं मात्र जात नाही मनातून. कशी होती ती तुझ्याकडं? काय खायची, काय..." आणि स्वतःच थांबली. "राहू दे. नको सांगू. इतकी वर्षं नाही सांगितलंस."

मी पायरीवरच्या उन्हाकडं बघत बसले. कागवाडे मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या असतील, कदाचित हयातही नसतील. मूल मोठं झालं, म्हातारं झालं, तरी तेच, असं म्हणाल्या होत्या.

"मुलांबद्दल मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "पण बाहुल्यांबद्दल मॅडम काही बोलल्या नव्हत्या."

प्रभा माझ्याकडं बघायला लागली.

"माझ्याकडं एक बाहुली यायची. मोज्याची. एक डोळा काळा, एक निळा. तिचं रोज बारसं व्हायचं. रोज, प्रभे. कानात कुर्र केल्याशिवाय ती झोपायची नाही."

"नाव?" प्रभेनं विचारलं. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले.

"अक्कनंदा."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांद्यांना हिसके बसत होते. हसते आहे का रडते आहे ते मला कळेना, बहुतेक दोन्ही. मग ती तशीच, तोंडावरचे हात न काढता म्हणाली, "कुर्र झाल्यावर धपाटा कोण घालायचं?"

"ते माझ्याबद्दल आहे, ते सांगता येतं," मी म्हणाले. "मी घालायची."

प्रभा बसल्या जागीच हळूहळू वळली आणि तिनं माझ्याकडं पाठ केली.